अनसर्क्युलेटेड नाण्याची ग्रेड: आधी झीज, मग खुणा, आकडा सगळ्यात शेवटी

नाणं हातात घेतलं, चकाकताना दिसलं, की ‘एमएस-६५ तरी असणारच’ (म्हणजे अनसर्क्युलेटेड, अजिबात न झिजलेलं) असं म्हणून बरेच जण मोकळे होतात. मग तेच नाणं ग्रेड देणाऱ्या संस्थेकडे तपासणीला जातं आणि एयू-५८, म्हणजे किंचित झिजलेलं, ठरून परत येतं. कधी त्याहून वाईट होतं: ‘साफ केलेलं’ असा शेरा मिळतो आणि आकडा मिळतच नाही. अशा बहुतेक वेळी नजर कमी पडलेली नसते, प्रश्नांचा क्रम उलटा झालेला असतो. नाणं कसं पाडलं आहे, त्याची झीज झाली आहे का, पृष्ठभाग मूळचा आहे का, खुणा किती आणि कुठे आहेत, हे याच क्रमाने बघायचं असतं. खालच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या काही महिन्यांत एकही पायरी गाळू नका, अगदी नाणं ‘दिसतंच आहे’ असं वाटलं तरी.

## सुरू करण्याआधी दोन गैरसमज दूर करा

६५ म्हणजे शंभरपैकी ६५ नव्हे. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. पुढे तीच सगळ्या नाण्यांना लावली गेली. तिच्यात ६० ते ७० या अकरा पायऱ्या मिंट स्टेटच्या, म्हणजे एमएसच्या. या अकराही पायऱ्यांवर झीज शून्य धरलेली असते. त्याच्या खाली ५०, ५३, ५५ आणि ५८ हे एयूचे आकडे येतात, म्हणजे जवळजवळ न वापरलेली नाणी. कागदावर ५८ आणि ६० यांच्यात दोनचंच अंतर दिसतं, पण मध्ये भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे थोडी का होईना झीज असते, पलीकडे अजिबात नसते.

यातूनच एक गोष्ट निघते, जी नव्या माणसाच्या लवकर पचनी पडत नाही. एमएस-६० नाणं बहुतेक वेळा दिसायला वाईट असतं: मार बसलेलं, ओरखडे असलेलं, निस्तेज. एयू-५८ मात्र देखणं असू शकतं. त्यामुळे सौंदर्यावरून झीज ठरवायला गेलात तर हमखास फसाल.

‘अनसर्क्युलेटेड’ हा शब्द नाण्याच्या पृष्ठभागाबद्दल आहे, त्याच्या चरित्राबद्दल नाही. ‘हे नाणं कधी खर्चच केलं नव्हतं’ ही माहिती खरी असली तरी उपयोगाची नाही. कपाटाच्या खणात वर्षानुवर्षं मागेपुढे सरकत राहिलेलं नाणं कधीही बाजारात न जाता झिजतं. थेट बँकेतून आणलेल्या नाण्यावरही मोजणी यंत्राच्या रबरी चाकाने बारीक समांतर रेघांचा पट्टा उमटलेला असू शकतो. नाण्याची गोष्ट बाजूला ठेवा आणि नाणं बघा.

## पायरी १: जागा, दिवा, भिंग

बरीच चुकीची ग्रेडिंग चुकीच्या उजेडामुळे होते. ट्यूबलाइट किंवा दुधी काचेचा दिवा उजेड पसरवतो. पसरलेल्या उजेडात लस्टर, म्हणजे नाण्याची मूळची झळाळी, मरतं आणि बारीक रेघा लपतात. म्हणून:

- खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. ६० ते ७५ वॅटचा साधा पिवळा बल्ब किंवा तेवढ्याच उजेडाचा, एकाच बिंदूतून प्रकाश देणारा टेबललॅम्प वापरा.
- नाणं बल्बच्या खाली साधारण वीतभर ते हातभर अंतरावर धरा. खूप जवळ धरलंत तर नुसता झगझगाट दिसतो.
- टेबलावर जाड मऊ कापडाची घडी अंथरा. नाणं हातातून निसटतंच, कधी निसटेल एवढंच ठाऊक नसतं.
- भिंग ५ ते ७ पट पुरे. १५ किंवा २० पटीचं भिंग नाणं कोणत्या साच्यातून निघालं ते बारीक फरकांवरून ओळखायला चांगलं, पण ग्रेडिंगला घातक. त्यातून प्रत्येक नाणं जखमी दिसतं.

नाणं अंगठा आणि तर्जनी यांच्यात फक्त कडेवर धरा. बोटाचा ठसा तांब्यावर काही दिवसांत उमटतो आणि मग जात नाही. नाण्यावर वाकून बोलू नका, थुंकीच्या सूक्ष्म थेंबांचे पुढे काळे ठिपके होतात.

तपासणी: ज्याची ग्रेड आधीच पक्की माहीत आहे असं एखादं नाणं या दिव्याखाली धरून बघा. ओळखीच्या खुणा सहज दिसल्या, तर जागा बरोबर लागली आहे.

## पायरी २: नाणं कोणत्या पद्धतीने पाडलं आहे?

ही पायरी मिनिटभराची आहे, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया जातं. प्रूफ ही ग्रेड नाही, नाणं घडवण्याची पद्धत आहे. चकचकीत घासलेला साचा, खास तयार केलेली चकती आणि बहुधा एकापेक्षा जास्त ठोके यांतून प्रूफ नाणं बनतं. त्याची ग्रेड एमएस नसते, पीएफ किंवा पीआर असते. प्रूफ नाणं हाताळणीत झिजून पीएफ-५८ सुद्धा होऊ शकतं. उलट काही साधी नाणी नव्याने घासलेल्या साच्यातून निघाल्यामुळे आरशासारखी दिसतात. त्यांना प्रूफलाइक म्हणतात आणि त्यांची ग्रेड एमएसच राहते.

फरक कडेला बघा. प्रूफची किनार चौकोनी, धारदार असते. अक्षरांच्या भिंती सरळ उभ्या असतात आणि बारीकसारीक तपशील भरून आलेला असतो. नुसता आरसा बघून प्रूफ म्हणू नका.

## पायरी ३: लस्टर फिरवून बघा

चकाकी आणि लस्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्रेडिंगमधली निम्मी लढाई इथेच आहे. साच्याच्या दाबाखाली धातू मध्यातून कडेकडे वाहतो. वाहताना पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा उठतात. प्रकाश या रेषांवरून परततो, म्हणून नाणं हलवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. घासून चमकवलेलं नाणं नुसतं चमकतं. त्यावर आरे फिरत नाहीत.

करायचं असं: नाणं दिव्याखाली थोडं तिरपं धरा, मनगट सावकाश गोल फिरवा आणि नजर एका पट्ट्यावर ठेवा. तो पट्टा चित्र-अक्षरं नसलेल्या मोकळ्या जागेवरून, मग चित्रातल्या चेहऱ्याच्या गालावरून, मग केसांवरून सरकताना बघा. पूर्ण मिंट स्टेट नाण्यावर तो उंचवटे चढतो, उतरतो आणि कुठेही तुटत नाही. झीज असेल तिथे तो क्षणभर विझतो. चांदीवर त्या जागी राखाडी, बोथट डाग दिसतो. तांब्यावर तो तपकिरी असतो. सोन्यावर रंग उरलेल्या पृष्ठभागापेक्षा किंचित वेगळा आणि निस्तेज होतो.

पट्टा विझतो ती जागा लक्षात ठेवा. निष्कर्ष अजून काढू नका.

इशारा: फोटोवरून हे ठरवता येत नाही. लस्टर हालचालीत दिसतं आणि फोटो स्थिर असतो. नाणं दूर असेल तर विक्रेत्याकडे एकाच दिव्याखाली सावकाश फिरवलेल्या नाण्याचा व्हिडिओ मागा. तो द्यायला नकार आला, तर लस्टर तुटलेलं आहे असं धरूनच विचार करा.

## पायरी ४: झीज आहे की ठसा कच्चा बसला?

सगळ्यात जास्त वाद याच पायरीवर होतात, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

साच्यातला सर्वांत खोल भाग म्हणजे नाण्यावरचा सर्वांत उंच भाग. धातू तिथे सगळ्यात शेवटी पोचतो. दाब कमी पडला किंवा बरोबर मागच्या बाजूलाही तसाच खोल भाग असला, तर धातू पुरत नाही आणि तपशील सपाट राहतो. बघणारा म्हणतो, ‘केस झिजलेत’. खरं तर केस कधी उमटलेलेच नसतात. मॉर्गन डॉलर हे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं याचं नेहमीचं उदाहरण. त्यावरच्या स्त्रीमुखाच्या कानावरचे केस आणि मागच्या बाजूची गरुडाची छाती एकमेकांच्या पाठीशी येतात. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या, ‘ओ’ खूण असलेल्या अनेक मॉर्गन डॉलरवर या दोन्ही जागा सपाट असतात आणि तरीही नाणं खरोखर न वापरलेलं असतं.

भेद करायला चार खुणा एकत्र बघा:

1. पोत. कच्च्या ठशाच्या जागी मूळ चकतीचा पृष्ठभाग शिल्लक असतो: किंचित खरखरीत, बारीक खळगे आणि आडव्यातिडव्या रेघा असलेला. झिजलेली जागा मात्र गुळगुळीत असते.
2. रंग. कच्च्या ठशाच्या जागेचा रंग आजूबाजूसारखाच असतो. झिजलेल्या जागेचा बदलतो.
3. मागची बाजू. सपाट जागेच्या बरोबर पाठीमागे काय आहे ते बघा. तिथेही तपशील भरला नसेल तर कच्च्या ठशाची शक्यता वाढते.
4. मोकळी जागा. बहुतेक लोक हेच विसरतात. हातोहात फिरलेल्या नाण्याला घर्षण फक्त उंचवट्यांवरच होतं असं नाही, मोकळ्या सपाट भागावरही होतं. अक्षरांच्या कुशीत लस्टर शाबूत आणि चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत विझलेलं, असं दिसलं तर ते नाणं फिरलेलं आहे.

शेवटच्या खुणेने माझे डोळे उघडले. मी एक मॉर्गन डॉलर एमएस-६३ समजून घेतला होता. केस थोडे सपाट होते आणि मी मनातल्या मनात ‘ठसा कच्चा’ म्हणून पुढे गेलो. विक्रेत्यानेही मान डोलावली. घरी एका दिव्याखाली फिरवला, तर आरे चांदण्यांपाशी आणि अक्षरांपाशी छान फिरत होते, पण नाकासमोरच्या रिकाम्या जागेत येऊन विझत होते. तिथे नखाएवढा राखाडी ढग होता. तो गालावरही होता. तो एयू-५८ होता आणि खुणा पहिल्या मिनिटापासून समोर होत्या. मी फक्त केस बघत बसलो होतो.

एक अवघड प्रकार उरतो. गुंडाळीत किंवा थप्पीत एकमेकांवर दाबून ठेवलेल्या नाण्यांच्या सर्वांत उंच टोकावर हलकं घर्षण होतं, मोकळी जागा मात्र निर्दोष राहते. अशा नाण्यांना बऱ्याचदा एमएस दिलं जातं. मोकळ्या जागेचं लस्टर अखंड असेल तरच हा फायदा द्या.

तपासणी: इथे थांबून एका वाक्यात उत्तर लिहा: ‘झीज आहे’ किंवा ‘झीज नाही’. ‘झीज आहे’ असेल तर नाणं एयू किंवा त्याखालचं आहे, मग उरलेलं कितीही सुंदर असो. उत्तर लिहिल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## पायरी ५: पृष्ठभाग मूळचा आहे का?

झीज नाही, तरीही आकडा मिळत नाही, असं बहुधा साफसफाईमुळे होतं. तपासणी संस्था अशा नाण्याला ‘डिटेल्स’ म्हणतात. म्हणजे तपशील न वापरलेल्या नाण्याचा, पण पृष्ठभाग बिघडवलेला.

हे शोधा:

- हेअरलाइन. एकाच दिशेने धावणाऱ्या किंवा गोल गोल फिरणाऱ्या केसाएवढ्या रेघा. कापडाने किंवा पावडरने पुसल्याची ही खूण. नाणं तिरपं केलं की सगळ्या एकदम पेटतात आणि एकदम विझतात.
- अक्षरांभोवती काळी रेघ आणि बाकी सगळं लख्ख. पुसणाऱ्याचा हात कोपऱ्यात पोचला नाही.
- पांढरंफटक, आरे नसलेलं नाणं. आम्लयुक्त द्रावणात जास्त वेळ बुडवलं की त्या सूक्ष्म रेषाच विरघळतात. एकदा हलकंसं बुडवलेलं नाणं आकडा मिळवू शकतं. पुन्हा पुन्हा बुडवलेलं मरतं.
- तारेच्या ब्रशने आणलेली खोटी चमक. अक्षरांच्या एका बाजूला धातूची बारीक कड साचलेली भिंगातून दिसते.

इथे उलटी चूकही होते. साचा घासताना त्यावर पडलेल्या रेघा नाण्यावर उठावदार उमटतात. त्या मोकळ्या जागेत असतात आणि चित्राच्या कडेपाशी येऊन थांबतात, चित्रावरून जात नाहीत. हेअरलाइन खोदलेल्या असतात आणि वाटेत आलेलं सगळं कापत जातात. साच्याच्या रेघा किंवा तडे म्हणजे इजा नव्हे. मी अशी चांगली नाणी ‘घासलेली’ म्हणून बाजूला टाकलेली पाहिली आहेत आणि वाईट वाटलं आहे.

टोनिंग, म्हणजे काळाच्या ओघात पृष्ठभागावर चढलेला रंग, असेल तर एकच प्रश्न विचारा: रंगाखालून आरे फिरताना दिसतात का? दिसत असतील तर रंग आपोआप दोष ठरत नाही. थर इतका जाड असेल की खालचं लस्टर झाकलं जातं, तर ग्रेड घसरते. रंग पृष्ठभागात मुरलेला न वाटता वर तरंगल्यासारखा वाटला, तर सावध व्हा.

इशारा: या पायरीवर डाग दिसला म्हणून नाणं पुसू नका. मऊ कापडानेही नाही, एकदाही नाही. मिंट स्टेट नाणं खराब करायला दोन सेकंद पुरतात.

## पायरी ६: खुणा मोजण्यापेक्षा त्यांचं वजन करा

टांकसाळीतून निघाल्यावर नाणी थैल्यांत एकमेकांवर आदळतात. त्या आघातांना बॅगमार्क म्हणतात. शेजारच्या नाण्याची दातेरी कड लागली की छोट्या समांतर खाचांची रांग उमटते. हे सगळं मिंट स्टेटमध्ये चालतं. प्रश्न एवढाच की किती, केवढं, किती खोल आणि कुठे.

जागेला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. चेहरा असलेल्या नाण्यावर गाल आणि चेहऱ्यासमोरची मोकळी जागा या दोन जागी नजर आधी जाते. तिथला एक ठळक घाव केसांत लपलेल्या दहा घावांपेक्षा जड भरतो. दर्शनी बाजूला मागच्या बाजूपेक्षा जास्त वजन असतं. मोठ्या, जड नाण्यांवर थोड्या जास्त खुणा चालवून घेतल्या जातात. छोट्या नाण्यावर तेवढीच खूण मोठी दिसते आणि मोठीच धरली जाते.

पद्धत अशी ठेवा. आधी नाणं भिंगाशिवाय, हातभर अंतरावरून बघा. पहिल्या पाच सेकंदांत जे डोळ्यात भरलं तेच ग्रेड ठरवणारं आहे. मग भिंग लावून उरलेलं तपासा. आधी भिंग लावलंत तर बारक्या खुणाच मोठ्या वाटू लागतात आणि अंदाज दोन पायऱ्या खाली जातो.

## पायरी ७: आता आकडा

एकदम नेमक्या आकड्यावर उडी मारू नका. आधी गट ठरवा:

- ६० ते ६२: झीज नाही, पण खुणा भरपूर, महत्त्वाच्या जागीही, किंवा विखुरलेल्या बारीक रेघा बऱ्याच. लस्टर मंद असू शकतं.
- ६३ आणि ६४: खुणा मध्यम. ६३ वर त्या महत्त्वाच्या जागी सहज दिसतात. ६४ वर कमी असतात, किंवा एखाद-दुसरीच ठळक असते. ६३ ला ‘चॉइस’ म्हणण्याची पद्धत आहे.
- ६५ आणि ६६: खुणा किरकोळ, महत्त्वाच्या जागा जवळपास स्वच्छ, ठसा सरासरीपेक्षा चांगला, लस्टर भरपूर. ६५ पासून ‘जेम’ म्हणतात.
- ६७ आणि वर: खुणा शोधाव्या लागतात. ७० म्हणजे ५ पट भिंगाखाली टांकसाळीनंतरचा एकही दोष न दिसणारं नाणं.

गट ठरवतात खुणा. गटातली जागा ठरवतात लस्टर, ठसा आणि एकूण देखणेपण. दोन्ही बाजूंची ग्रेड वेगळी काढा. मागची बाजू ६६ आणि दर्शनी ६४ असेल तर नाणं ६४ धरा. दर्शनी बाजू उत्तम आणि मागची फारच वाईट असेल, तर मागची बाजू ग्रेड खाली ओढते.

तांब्याच्या नाण्याला आकड्याबरोबर रंगही लिहा. मूळ लाल रंग जवळजवळ पूर्ण, म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त शिल्लक असेल तर आरडी (रेड). जवळजवळ सगळा गेला असेल तर बीएन (ब्राउन). मधलं सगळं आरबी (रेड-ब्राउन).

दोन आकड्यांत अडकलात तर खालचा लिहा. आपल्या मालकीच्या नाण्याला प्रत्येक जण एक पायरी जास्त देतो, मीसुद्धा.

## पायरी ८: ताडून बघा, मग ठेवून द्या

शिकण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ग्रेड झालेली, स्लॅबमधली (तपासणी संस्थेने कडक प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली) नाणी आकडा झाकून बघणं. लेबलवर कागदाची पट्टी लावा, सगळ्या पायऱ्या करा, आकडा लिहा, मग पट्टी काढा. एकाच प्रकारची वीस नाणी अशी बघितलीत तर वीस वेगळ्या प्रकारच्या नाण्यांपेक्षा जास्त कळेल, कारण उंचवटे आणि कच्च्या ठशाच्या जागा त्याच राहतात. एका पायरीचा फरक पडला तर मनाला लावून घेऊ नका, अनुभवी डोळ्यांतही तो पडतो. ५८ आणि ६० यांच्यातली चूक मात्र प्रत्येक वेळी परत पायरी ३ पासून तपासा.

नाणं ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा. त्यातून काही काळाने हिरवट, चिकट थर नाण्यावर उतरतो आणि धातू खातो. मायलरची (पॉलिएस्टरच्या फिल्मची) पाकिटं किंवा कडक प्लास्टिकची कॅप्सूल वापरा. पाकिटावर तारीख, ग्रेडचा अंदाज आणि कारण लिहा: ‘६३, गालावर दोन घाव, लस्टर अखंड’. महिन्याभराने नोट न वाचता तेच नाणं पुन्हा बघा, नवा आकडा लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. फरक पडला असेल तर कोणत्या पायरीवर पडला, ते कारणांच्या ओळीत सापडेल.